नथवाली कतला

बेलतलावात एक कतला मासोळी नथ घालून फिरते, हे जरीपटक्याच्या वस्तीत लहानापासून मोठ्यापर्यंत समद्यायले ठाऊक होतं. तिले पाह्यली कोणीच नव्हती. पण देव तरी कोणी पाह्यला हाय?

सांगणारा रुपराव. त्याची गोष्ट अशी की, त्याच्या बायकोची, वच्छलाबाईची, नथ जराशी ढिली झाली होती. ती सोनाराकडून आवळून आणतो म्हणून रुपराव घरून निघाला. वाटेत तलाव लागला. तलाव लागला आणि रुपराव सरळ पुढं गेला, असं त्याच्या जल्मात झालं नव्हतं. बसला गरी टाकून. त्या दिवशी मासोळ्या अशा इरेले पेटल्या की एकेकीनं त्याच्याजवळच्या समद्या गऱ्या तोडून नेल्या. आता काय करावं? मंग त्याच्या ध्यानात आलं, नथीचा आकडा म्हणजे तरी काय, गरीच तं हाय! बांधली नथ दोऱ्याले, लावला वरून कणकेचा गोळा, आणि अशी कतला लागली म्हणता, डोकं म्हणजे पाण्याचा हंडा. तिनं रुपरावले कमरेइतक्या पाण्यात ओढत नेलं, वर तोंड काढून त्याच्याकडे पाह्यलं, लाजली, आणि दोरा तोडून चालती झाली. ओठात नथ.

ही झाली पह्यल्या सालची गोष्ट. पुढच्या साली ती कतला आखजीच्या सणाले तलावाच्या पायरीपाशी येऊन नथ मिरवू लागली. त्याच्या पुढच्या साली बाकीच्या मासोळ्या तिले पाटलीणबाई म्हणून वाट देऊ लागल्या. गोष्ट अशी वाढत गेली, जसा काही रुपराव तिले रोज चारा टाकत होता.

लोकं वच्छलाबाईले इचारत, "खरं का जी वहिनी?"

ती म्हणे, "त्यायलेच इचारा."

हो बी नाही म्हटलं, नाही बी नाही म्हटलं. कारण तिले ठाऊक होतं. ज्या आठवड्यात नथ गेली त्याच आठवड्यात रुपरावच्या गरीच्या काठीले दोरा गुंडाळाची एक नवी विलायती चरखी लागली होती. चकचकीत, फिरवली की कर्र्र कर्र्र बोलणारी. दोस्तानं देल्ली म्हणे. वच्छलाबाईनं चरखी पाह्यली, नाकाले हात लावून पाह्यला, आणि चूप बसली. नवरा नथ इकते ते इकते, पण लपवाले एवढी मेहनत घेऊन खोटं बोलते, तं त्या मेहनतीचा तरी मान ठेवला पायजे, असं काहीसं तिले वाटलं असंल. पह्यल्यांदा त्यानं ती गोष्ट सांगतली तवा तं ती इतकी हासली होती की परातीतली कणीक परातीतच वाळून गेली.

दिवाळी सरली आणि रुपराव गेला. आंगणात खाटेवर चहा पेत बसला होता. कप खाली ठेवला आणि गेला. एवढा गप्पाडा माणूस, जाताना एक शबूद बोलला नाही.

लोकं आले, रडले, गेले. वच्छलाबाई रडली नाही. बाया म्हणाल्या, दगड झाली बिचारी. दगड कुठची वं, दगड उन्हात तापते तरी. ती सकाळी उठे, आंगण झाडे, आंगोळ करे, ताटावर बसे. कोणी बस म्हटलं तं बसे, ऊठ म्हटलं तं उठे. रुपरावची खाट कोण्या कोपऱ्यात गेली हे तिनं इचारलं नाही.

सुनेचं नाव शामला. सासू म्हणजे आधी अशी की, रोज भाजीत काही ना काही निघेच. मीठ कमी, तेल जास्त, फोडणी करपली, तुह्या मायनं हेच शिकवलं का? आता जे वाढलं ते खाई. एक दिवस शामला वरणात मीठ टाकाले विसरली, सासू जेवली. मंग शामलानं मुद्दाम दुप्पट टाकलं. हिंगण्याच्या कंपनीतून पाळी करून आलेला नवरा पह्यल्याच घासाले ओरडला. सासूनं आखरी भात कालवला आणि बोटं चाटली. शामलाले सुरुवातीले बरं वाटलं होतं, कटकट गेली म्हणून. त्या दिवशी तिले भेव वाटलं.

वैशाखात एक दिवस वच्छलाबाई बजारात भाजी घ्याले गेली. चहाच्या टपरीवर गिरिधर बसला होता. गिरिधर म्हणजे रुपरावचा गरीचा जोडीदार. जोडीदार कायचा, जल्माचा दावेदार. दोघंही एकाच बांधावर बसत आणि एकमेकाच्या मासोळीवर थुकत. वच्छलाबाई मागं उभी हाय हे त्याले दिसलं नाही.

"सोमवारी मासोळीच्या सोसायटीचं महाजाल हाय," तो चहावाल्याले सांगून राहिला होता. "तलाव खोल करणार हायेत. त्याच्या आधी समदी मासोळी काढून घेणार, एक बी नाही ठेवणार. मंग पाहू ना, रुपरावची नथवाली निघते का!"

"न निघाली तं?"

"तं काय? नाव बदलून देऊ. रुपराव नाही, थापाराव! बांधावर पाटीच लावू, इथी थापाराव बसत होते."

टपरीवरचे समदे हासले. हासण्यात वाईट काही नव्हतं, रुपराव असता तं तो बी हासला असता आणि वरून दुसरी थाप मारली असती. पण तो नव्हता ना. मेलेल्या माणसाले उत्तर देता येत नाही.

वच्छलाबाईले राग आला नाही, रडू आलं नाही. तिनं वांगे परत टोपल्यात ठेवून देल्ले, ढेपवाल्याच्या दुकानात गेली आणि शेंगदाण्याची ढेप घेऊन घरी आली.

इतवारी पहाटेच ती चारा मळत बसली. कणीक, भाजलेली ढेप, आंबवलेला भात, चिमूटभर हिंग. रुपरावचा चारा जल्मभर तिनंच मळला होता, हाताले ठाऊक होतं. शामला डोळे चोळत आली.

"काय करून राह्यल्या माय?"

"चारा."

"कोणाले?"

"मासोळीले."

सासूनं कितीक महिन्यानं आपल्या मनानं काही केलं होतं. शामलानं भाकर बांधून देल्ली, वच्छलाबाईनं रुपरावची काठी खांद्यावर घेतली.

बांधावर कवडू तिकिटं फाडत बसला होता. मासोळी धरणाऱ्या ढिवराचा पोरगा, सोसायटीचा माणूस. दिवसाचं तिकीट घ्यायचं आणि टोपीत खोचायचं, असा त्या तलावाचा कायदा. म्हणजे कवडूले बसल्या जागेवरून दिसे, कोण तिकिटाचा आणि कोण चोट्टा. वच्छलाबाईले पाहून तो उभाच राह्यला.

"काकू? तुम्ही?"

"तिकीट दे गा एक."

"पण काकू, बाया गरी नाही टाकत इथी."

"असं लिवलं हाय का कुठी?"

कवडूनं डोकं खाजवलं. लिवलं तं नव्हतं. "पण तिकीट टोपीत खोचा लागते. तुमाले टोपी कुठी हाय?"

वच्छलाबाईनं तिकीट घेतलं, डोक्यावरचा पदर सारला आणि अंबाड्यात खोचलं. "दिसते ना?"

"दिसते जी," कवडू म्हणाला.

ती बाभळीखालच्या रुपरावच्या दगडावर जाऊन बसली. चाऱ्याचे गोळे पाण्यात टाकले, एक गरीले लावला, आणि जमंल तशी गरी फेकली. दूर नाही गेली, जवळच पडली. दोऱ्याले बांधलेली मोराच्या पिसाची काडी पाण्यावर उभी राह्यली. ती काडीकडे पाहत बसली. काडीकडे पाहणं काही कठीण नव्हतं, दिवाळीपासून ती समद्याच गोष्टीकडे तशीच पाहून राहिली होती.

गिरिधर आपली काठी घेऊन आला आणि थबकला.

"अरे बापा! वहिनी! रुपरावनं गादी तुमाले देल्ली का?"

"हो."

"कोणती धरता मंग?"

"नथवाली."

गिरिधरच्या तोंडातलं पान अडकलं. बजारातलं बोलणं वहिनीच्या कानावर गेलं हे त्याच्या ध्यानात आलं असंल, कारण तो जरा दूर जाऊन बसला. पण गिरिधर तो गिरिधर. थोड्या वेळानं म्हणतोच, "वहिनी, उद्या जाल हाय. आज नाही भेटली तं उद्या भेटंल. नाही तं मंग कधीच नाही!"

वच्छलाबाईनं मान हलवली. तेच तं होतं. आज तिले काही तरी काढा लागत होतं, मोठं, सांगण्याजोगं. उद्या सोसायटी समद्या मासोळ्या बांधावर ओतंल आणि तिच्या नवऱ्याचं नाव त्याच्यासंगं ओतून देईल.

ऊन चढलं. बारक्या मासोळ्या चारा कुरतडून गेल्या. तिनं नवा लावला. भाकर तशीच राह्यली. दुपार कलली तवा पिसाची काडी एकदा डुलली, आडवी झाली, आणि गायब.

कर्र्र्र!

ती चरखी अशी ओरडली की बाभळीवरचे बगळे उडाले. काठी वाकून कमान झाली.

"लागली! लागली!" गिरिधर आपली काठी टाकून धावला. "ढील द्या वहिनी, ढील द्या!"

"खेचा काकू!" कवडू तिकडून ओरडला. "ढील देऊ नका, झुडपात शिरंल!"

"डाव्या हातानं!"

"अहो उजव्या!"

बांधावरचे झाडून समदे गोळा झाले. जितके माणसं तितक्या अकला. वच्छलाबाईनं कोणाचंच ऐकलं नाही. ऐकून बी काय करती? तिनं काहीच केलं नाही. काठीचं बूड मांडीखाली दाबलं, एका हातानं काठी धरली, दुसऱ्या हाताच्या बोटावरून दोरा जाऊ देल्ला, आणि बसून राह्यली. मासोळी पळाली तं पळू देल्ली, थांबली तं ती बी थांबली. दोरा बोटात रुतला, रगत निघालं, ते मनगटावरून बांगडी नसलेल्या हातावर ओघळलं. तिले ते दिसलं, लागलं नाही. दुसरा कोणी असता तं दुखण्यानं झटका देऊन दोरा तोडला असता. गिरिधरनं अशा किती तोडल्या होत्या. हिले दुखतच नव्हतं, तं सोडंल काहून?

मासोळी तिच्यावर चिडली, दमली, शेवटी कूस दाखवून वर आली. कवडू पाण्यात उतरला आणि मिठी मारून तिले बांधावर आणली. कतलाच होती. हंड्याएवढं डोकं नव्हतं, पण कळशीएवढं होतं म्हणा. खवले उन्हात नव्या परातीसारखे चमकून राह्यले होते.

मंग गिरिधर वाकला. तिचं तोंड उघडून पाह्यलं, ओठ उलटून पाह्यले.

"नथ कुठी हाय वहिनी?"

हासला नाही तो. पण मागचे एक-दोन हासले.

वच्छलाबाईनं वर पाह्यलं. "इतके वर्षं ओठात राहील का गा? तुमच्या घरच्या बाया नथ घालून झोपतात का? गिळली असंल. कवडू, इळा आण."

तिनं स्वताच मासोळी फाडली. समदी टोळी वाकून, श्वास रोखून पाहून राहिली. तिनं पोटात मनगटापर्यंत हात घातला. आत गरम नव्हतं, गार बी नव्हतं. आतडं, मऊ काही तरी, तिनंच मळलेल्या चाऱ्याचा लगदा. दुसरं काही नव्हतं. असणार बी नव्हतं. नथ तं तिच्या मांडीखाली होती, काठीले लागलेली, कर्र्र करणारी.

तिनं मूठ बंद केली आणि हात बाहेर काढला.

"सापडली," ती म्हणाली.

"आँ?" गिरिधर म्हणाला. "दाखवा! दाखवा ना!"

वच्छलाबाई उठली. पाण्याच्या काठाशी गेली. हाताले चिकटलेला एक मोठा खवला मुठीत आला होता, तेवढाच. तिनं हात मागं घेतला आणि होता नव्हता तो जोर लावून फेकला. खवला उन्हात एकदा लखकन चमकला आणि पाण्यात गेला.

"अवं माय!" कवडू ओरडला. "काहून फेकली काकू?"

"मी आता नथ घालू का?" वच्छलाबाई म्हणाली. "त्यायनं पाण्याले देल्ली होती. पाण्याची पाण्याले गेली."

गिरिधर पाण्याकडे पाहत राह्यला. आपल्या जोडीदाराची खोड त्याले ठाऊक नव्हती असं थोडंच होतं? त्यानं एकदा वच्छलाबाईच्या हाताकडे पाह्यलं, एकदा चरखीकडे. मंग घसा खाकरला.

"म्या पाह्यली," तो जोरानं म्हणाला. "चमकली ना. सोन्याचीच होती."

"मोती बी दिसला," कवडू म्हणाला.

"दोन मोती," मागून कोणी तरी बोललं.

"दोन नाही गा, मधात लाल खडा होता."

वच्छलाबाईनं हात धुतले. लोकं तिले इचारून राह्यले होते, "खरं ना वहिनी? लाल खडा होता ना?"

"हो," ती म्हणाली. "होता."

सोमवारी महाजाल पडलं, मासोळ्या निघाल्या, कोणी नथ इचारली नाही. ती तं सापडून गेली होती. पुढं तलाव खोल केला तवा मजूर गाळ चाळून पाहत होते म्हणतात. तो गाळ कास्तकारायनं बैलबंड्या भरभरून वावरात नेला. आता ती नथ कोण्या तुरीच्या ओळीत हाय देव जाणे, पण त्या साली तिकडच्या तुरीले दाणे मोत्यासारखे आले, असं गिरिधर स्वता सांगे. बाभळीखालच्या दगडावर पाटी काही लागली नाही.

त्या इतवारी मात्र वच्छलाबाई मासोळी डोक्यावर घेऊन घरी आली, तिकीट अजून अंबाड्यात. शामलानं रस्सा केला. ताट वाढलं. सासूनं भाकर मोडली, रस्स्यात बुडवली, तोंडात घातली. दोऱ्यानं कापलेल्या बोटाले तिखट लागलं तशी ती थांबली. बोट वर करून पाह्यलं. फुकर घातली.

मंग दुसरा घास घेतला, चावला, आणि ताट जरासं पुढं सारलं.

"मीठ कमी हाय वं," ती म्हणाली. "तुह्या मायनं हेच शिकवलं का?"

शामला मिठाचा डबा आणाले उठली, आणि चुलीपाशी जाऊन पदरानं डोळे पुसत उभीच राह्यली.

"आणते का नाही?" ताटावरून सासूचा आवाज आला.