कागदावरचा थेंब

तेल गळायचं थांबेना म्हणून मेकॅनिक महिपतने क्लचचं झाकण चौथ्यांदा उघडलं आणि हातातला पाना आपटला. सत्तेचाळीस सालची विलायती मोटारसायकल, आणि सांध्यातून निघाला फणसाचा चीक!

"हरीकाका, हा चीक कोणी लावला?"

"मीच. तू जेवायला गेलेलास तेव्हा. आमची घागर चिकानं सांधलेली आहे, चार पावसाळे झाले, थेंब नाय गळत."

"घागर इंजिनासारखी तापते काय?"

"मग पुन्हा राळ लाव. होडीला..."

"होडीचं नाव काढू नका!" चिकाच्या आधीच्या खेपेला काकांच्या हट्टापायी राळ लावली, ती गुळाच्या पाकासारखी ओघळली. त्याआधी शेलॅक, म्हणजे लाखेचा लेप, लावला होता महिपतने स्वतः. तोही गळला.

हरीकाकांनी खिशातून सांधे बुजवायच्या लेपाची ट्यूब काढली. "आमच्या शिवानं मस्कतहून आणलीय. भरपूर लाव."

"भरपूर लावली की आत गोळे सुटतात, तेलाची वाट बुजते. मग इंजिनच जाम!"

ओटीवरून यमुनाकाकी म्हणाल्या, "काय लावायचं ते लावा. उद्या सकाळी गाडीखालच्या कागदावर थेंब दिसला तर गाडी भंगारात. तेलाच्या डागांनी तीन लुगडी गेली माझी."

काकांनी गाडीच्या सीटवरून हात फिरवला. बोटीवरून सुटीला आले की याच गाडीवरून ते काकींना संगमेश्वरला माहेरी नेत. वाटेत काकी गात, काका मुद्दाम गाडी हळू हाकत.

महिपत चिडचिडत चीक खरवडू लागला. झाकणाची कड लख्ख झाली. त्याने नख फिरवलं. नख अडकलं.

केसाएवढा चर. पहिल्या दिवशी झाकण निघेना, तेव्हा त्यानेच घाईने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं होतं.

ट्यूब समोरच होती. चर भरून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. महिपतने ट्यूब बाजूला सारली.

"काका, औषधं बदलून उपयोग नाय. ओरखडा माझाच आहे."

काकांनी चष्मा लावून पाहिलं. "म्हणजे माझा चीक बरोबर होता!"

महिपतने डोळे मिटले, मनात दहा आकडे मोजले. मग काचेवर घासायची पेस्ट पसरली आणि जात्यावर दळावं तसं झाकण गोल गोल फिरवत बसला. चर मिटला. वर शेलॅकचा हात, सायीइतका पातळ. काका ट्यूब घेऊन पुढे सरकले.

"हात लावाल तर मीच गाडी भंगारात देईन!"

सकाळी कागद कोरा होता. काकींनी तो उलटसुलट पाहिला, घडी घातली, मागच्या सीटवर अंथरला आणि वर बसल्या.

"आता कशाला तो?" महिपत वैतागला.

"लुगडं नवं आहे रे," काकी म्हणाल्या. "चला हो, हळू हाका."