कातळवाडीचा भोंगा

माझा आवाज मोठा आहे. आई म्हणते, "समीक्षा, तू पोशीरच्या देवळात कुजबुजलीस तरी नेरळ स्टेशनला ऐकू जातं." आठवीपर्यंत मला त्याची इतकी लाज वाटायची की वर्गात मी हातच वर करत नसे. नववीत बाईंनी जबरदस्तीने वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, मी तालुक्यात पहिली आले, आणि तेव्हापासून मला गप्प बसवणं कुणाला जमलेलं नाही.

मला छंदही आवाजाचाच आहे. आवाज करणाऱ्या जुन्या वस्तू मी जमवते. कुल्फीवाल्याची घंटी, एसटीचा रबरी भोंपू, शाळेची तडा गेलेली घंटा, मेलेल्या कुकरच्या शिट्ट्या. म्हैस विकल्यापासून आमचा गोठा रिकामा आहे, तिथे हे सगळं असतं. आणि कोंबड्या असतात.

यंदा पावसाळा संपता संपता आम्ही शाळेतून कातळवाडीला झाडं लावायला गेलो. ही ठाकरांची वाडी आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत आहे. तिथल्या अंगणवाडीच्या पडवीत मला तो दिसला. हाताने फिरवायचा धोक्याचा भोंगा! लोखंडी पाय, पत्र्याचा गोल डबा, बाजूला दांडा. पावसात दरड हलली की हा वाजवायचा आणि सगळ्यांनी घरं सोडून पळायचं. आता वाडीत खांबावर विजेचा नवा भोंगा बसला होता, म्हणून हा निवृत्त. मला झाडंबिडं काही दिसेनात.

"मला द्याल?" मी सरळ विचारलं.

"तुला कशाला गं?" कमलेशदादा म्हणाला. वाडीत हा भोंगा सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. "भंगारवालाबी मागून गेला."

"माझं म्युझियम आहे."

"म्हंजी?"

झालं. मी सुरू झाले. म्युझियम म्हणजे काय, तिथे काचेच्या कपाटात जुन्या वस्तू कशा मानाने ठेवतात, खाली पाटी कशी असते, शाळांच्या सहली कशा येतात. बाकी पोरी तोंडं दाबून हसत होत्या. मला कळत होतं की यातलं काहीच खरं नाही. पण वाडीतली माणसं कामं टाकून ऐकत होती हो! मला थांबवेचना.

अंबूबाई सगळ्यांत वडील. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भंगारात नको त्यो. हिला द्या. पन नीट ठेव गं बाय. घरातलं मानूस धाडतो आमी."

"अगदी काळजी करू नका आजी," मी म्हणाले.

घरी आणला आणि दुसऱ्याच दिवशी मी पॉलिश पेपर घेऊन बसले. डब्यावर चहूबाजूंनी पांढऱ्या रंगाचे ठिपके होते. कुणीतरी रंगाची बोटं पुसली असतील, असं वाटलं. ते घासून काढले, वर लालभडक ऑइलपेंट दिला, आणि आधीचा-नंतरचा असा रील टाकला. वर्गातल्या प्रियाने खाली लिहिलं, 'काय चमकतोय!' आठवडाभर मी हवेत होते. मग भोंगा गोठ्यात गेला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

आणि दसऱ्याला दुपारी ती तिघं आली. अंबूबाई, कमलेशदादा आणि त्याची मुलगी संजना. सकाळी नेरळच्या बाजारात झेंडू आणि आपटा विकून ती परस्पर आमच्याकडे आली होती. ठेवणीतले कपडे. संजनाच्या हातात एक जाडजूड हार, न विकलेला.

"सोनं घेतलंय हो आम्ही," आई दारातूनच म्हणाली.

"इकाया नाय आलो ताई. म्युझियम बघाया आलो."

"कसलं म्युझियम?"

मी आतून धावत आले. "आज बंद आहे! दसऱ्याची सुट्टी असते ना."

"आसं व्हय," कमलेशदादा म्हणाला. "मंग उद्या?"

"उद्या पण... उद्या साफसफाई."

अंबूबाई ओटीवर टेकली. "मंग परवा बघू. आमी थांबतो हितंच. भाकऱ्या हाईत."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग चहा टाकायला आत गेली. मी खांबाला नखं लावत उभी.

संजना माझ्याजवळ सरकली. "ताई," ती हळूच म्हणाली, "तिकीट लागतं का गं? फुलांचं पैसं हाईत आमच्याकडं."

ते ऐकल्यावर मात्र मला उभं राहवेना. "या," मी म्हणाले आणि गोठ्याकडे चालू लागले.

भोंग्याच्या दांड्यावर बाबांचा पंचा वाळत होता. डब्यावर कोंबडी बसली होती, आणि ती बरेच दिवस तिथेच बसत होती हे डब्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

कमलेशदादाने चारी भिंती पाहिल्या. "कपाट कुठंय?"

"नाहीये."

"पाटी?"

"नाहीये."

"सहली यायच्या ना गं?"

मी मान हलवली. तो हसला. पण तसं हसू मला आयुष्यात पुन्हा बघायचं नाही.

अंबूबाईचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिने पदराने कोंबडी हाकलली, पंचा काढून नीट घडी करून बाजूला ठेवला आणि भोंग्यापुढे बसली. हार घालायला हात पुढे केला आणि थांबली. डब्यावरून बोटं फिरवायला लागली. या बाजूने, मग त्या बाजूने.

"कमलेश, बोटं कुठं गेली रं?"



"दर दसऱ्याला आमी याची पूजा करतो," कमलेशदादा मला म्हणाला. आता तो हसत नव्हता. "हा फिरवनं सोपं नाय. ज्याला ह्याचा आवाज पुरा चढवता येतो, त्याचं दसऱ्याला रंगाचं एक बोट हितं लागतं. मंग पुढच्या पावसाळ्यात रातीची पाळी त्याला मिळायची. हिनं यंदा चढवला." त्याने संजनाकडे मान केली. तिच्या मुठीत एक छोटी डबी होती. पांढऱ्या रंगाची.

"मला वाटलं डाग आहेत," मी म्हणाले.

"हितं ह्यांचं हुतं," अंबूबाई म्हणाली. दांड्याच्या वर एका जागी तिचं बोट थांबलं होतं. "आमच्या म्हाताऱ्याचं. त्याचा फोटू नाय आमच्याकडं. हेच हुतं."

"मी परत लावते आजी. रंग आहे माझ्याकडे, मी सगळी..."

"कुनाचं लावशील?" कमलेशदादा म्हणाला. "तुझं?"

अंबूबाईने संजनाला पुढे बोलावलं. "लाव गं तुजं." संजनाने डबी उघडली, लालभडक पत्र्याकडे पाहिलं आणि झाकण परत लावलं. "मला नाय लावायचं. एकटंच दिसंल."

"चला," कमलेशदादा म्हणाला. "वर न्यायचा ह्याला."

भोंगा दोघांनी उचलायचा असतो. एका बाजूला तो वाकला. दुसरी बाजू मी धरली. कुणी सांगितलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. आई चहाचे कप घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. देवळाजवळ प्रिया सोनं वाटत फिरत होती. "अगं, कुठे निघालीस? आणि हा कशाला?" ती ओरडली. मी मान खाली घातली. चढावर लोखंडी पाय पोटरीला लागत होता. एकच आशा होती. वर गेल्यावर अंबूबाई काहीतरी सांगेल, पोर आहे, चुकली, असं काहीतरी. ती मोठी आहे, तिने सांगितलं की संपेल.

वाडीत सगळे अंगणात होते, एकमेकांना सोनं देत. भोंगा पडवीत ठेवला तशी माणसं गोळा झाली. कौतुकाने हात लावला आणि मग सगळ्यांचे हात शोधायला लागले. प्रत्येकाला आपली जागा पाठ होती. "माझं हितं हुतं." "माझं ह्याच्या खाली." "अंबूबाय, काय झालं गं ह्याचं?"

"हिला इचारा," अंबूबाई म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

सगळे माझ्याकडे वळले. "मी पुसलं," मी एकीला म्हणाले. तिने ऐकलं आणि बाजूला झाली. मग दुसरा आला. "मी पुसलं." मग दोघी बहिणी. कुणीही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

शेवटी दशरथबाबा आले. मागे दरड सरकली त्या रात्री त्यांनी उजाडेपर्यंत भोंगा फिरवला होता, तेव्हापासून कानाने कमी. त्यांनी आपली जागा शोधली, बोट तिथे ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी पुसलं, बाबा."

"आं?"

"मी पुसलं."

"मोठ्यानं बोल गं पोरी."

"मी पुसलं!" डोंगरावर आपटून ते परत आलं. अंगणातली बडबड थांबली.

"आस्सं," दशरथबाबा म्हणाले. बोट त्यांनी काढलं नव्हतं. "कशानं पुसलंस?"

"पॉलिश पेपरने! घासून!"

"लय घासावं लागलं आसंल."

मी मान हलवली.

"बोल की. लवकर निघालं, का नाय निघत हुतं?"

सगळी वाडी ऐकत होती. दोन दिवस लागले होते मला. माझ्या बोटांची सालं निघाली होती.

"नव्हतं निघत, बाबा," मी ओरडून सांगितलं. "नव्हतं निघत."