हाल्शकाची रिकामी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, गोल पाठीची लाकडी खुर्ची आहे. कारखान्यात वाफेवर मऊ करून मला वळण लावले आणि वॉर्सातल्या ओतिलियाबाईंच्या घरी जेवणाच्या टेबलापाशी माझी पाठवणी झाली.

ओतिलियाबाई नाटके बसवत. युद्ध आले, शहर जर्मनांच्या हाती गेले. जर्मनांच्या परवानगीने नाटक करायचे नाही, असे आमच्या कलावंतांनी ठरवले. ओतिलियाबाई कॉफीच्या दुकानात कपबशा उचलू लागल्या. पण रविवारी आमच्या दिवाणखान्यात पडदे ओढून, चोरून नाटक होई. प्रेक्षक एकेकटे येत. हाल्शका नावाची तरुण नटी राणी होई आणि मी तिचे सिंहासन. ती इतकी धपकन बसे की माझे सांधे कुरकुरत. तेव्हा मला तिचा फार राग येई.

एके दिवशी जर्मन शिपायांनी हाल्शकाला रस्त्यातून पकडून नेले. ती परत आली नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी टेबलाशी एक जागा रिकामी ठेवतो. त्या वर्षी ती जागा माझी झाली. सण सरला, तरी ओतिलियाबाईंनी माझ्यावर कोणाला बसू दिले नाही. युद्धानंतर ओतिलियाबाई एका मोठ्या नाट्यगृहाच्या प्रमुख झाल्या आणि मलाही तिथे घेऊन गेल्या. बाईला हे झेपेल का, असे कुजबुजणारे पुढे त्यांच्याच नाटकात काम मागायला आले. प्रत्येक तालमीला मी रंगमंचावर असे. सगळे मला वळसा घालून जात. मान खूप होता, पण मला एकटे वाटे.

एकदा ब्रोन्का नावाच्या नव्या नटीच्या हातून संहिता पडली. पडलेली संहिता पायाने दाबल्याशिवाय उचलली तर नाटक पडते, असे आमच्याकडे मानतात. ब्रोन्काने घाईने पाय दिला, कागद घसरले आणि ती माझ्यावर येऊन आदळली.

"उठते, बाई. चुकून पडले."

"राणी अशी बसते होय? बटाट्याच्या पोत्यासारखी?" ओतिलियाबाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

"हाल्शकापण अशीच बसायची. सांगून सांगून थकले मी."

इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आता बसलीच आहेस तर उठू नकोस. पुढचं वाक्य बोल."

त्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगाला ब्रोन्का माझ्यावर बसली. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

आता ओतिलियाबाई नाहीत. मी नाट्यगृहाच्या दालनात लाल दोरीमागे असते. पाटीवर त्यांचे नाव आहे आणि खाली 'बसू नये' असे लिहिले आहे. हाल्शकाचे नाव कुठेच नाही. मागच्या हिवाळ्यात म्हातारी ब्रोन्का काठी टेकत आली आणि दोरी उचलू लागली.

"आजी, तिथं नाही हं बसायचं," रखवालदार म्हणाला. "जपून ठेवलीय ती."

"कुणासाठी रे?"

त्याने दोरी तिच्या हातातून घेऊन पुन्हा अडकवली. ब्रोन्का माझ्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग पाय दुखू लागले तशी निघून गेली.

मित्रांनो, ती थकली होती आणि मी रिकामी होते. वस्तू जपा, पण थकलेल्या माणसाला उभे ठेवून जपू नका.