कबुलीबिगर

पाकिस्तानशी ताश्कंदचा करार झाला त्या जानेवारीत हिवरखेडच्या पारावर निषेधाची सभा भरली. देवमनचा एकुलता एक पोरगा पुंजाजी सप्टेंबरच्या लढाईत सरहद्दीवर पडला होता. म्हणून सरपंच सूर्यभानजींनी देवमनला बोलावून खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातला. बौद्ध वस्तीतल्या माणसाला त्या पारावर खुर्ची मिळाली ती पहिल्यांदाच.

सूर्यभानजी तावातावानं बोलत होते. "जिंकलेली हाजीपीरची खिंड वापस देऊन राहिले! फाळणीत आपल्या लोकायवर काय गुजरलं, ते इसरून समझोता? आंधी अन्यायाची कबुली द्या, मंगच हात मिळवा!"

टाळ्या पडल्या. देवमननंही मान डोलावली. पोरगा गेलेल्या बापाला यात वावगं काय वाटणार? पण 'कबुली' शब्द कानावर पडला आणि त्याचं डोकं तापलं. छप्पन साली वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला, त्याच हिवाळ्यात वस्तीची विहीर दगडधोंड्यांनी बुजवली गेली. कोणी बुजवली, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. तेव्हा हेच सूर्यभानजी म्हणाले होते, "झालं गेलं इसरा."

देवमनला बोलायला उभं केलं.

"सरपंचसाहेब, तुमचं बोलनं मले पटलं," तो म्हणाला. "कबुलीबिगर भांडन मिटत नाई. मंग आमची विहीर कोनं बुजवली, तेबी आज सांगून टाका. माहा पोरगा देशासाठी मेला, पन गावात त्याले नाल्याचंच पानी भेटलं."

सूर्यभानजी कसनुसं हसले. "देशाची गोष्ट येगळी, देवमन. तू दुःखात हायेस, बस."

कराराच्या निषेधाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

आठवड्यानं निरोप आला : पंचायत वस्तीला नवी विहीर देईल, जुना विषय कोणी काढायचा नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी लगेच होकार दिला. देवमन एकटाच अडून बसला. "विहीर कोनं मांगतली? म्या नाव मांगतलं!"

त्याची बायको सुंदराबाई वैतागली. "नाव पेऊन तहान भागते का? हंडा माह्या डोक्यावर हाये, तुमच्या नाई."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच तो जास्त चिडला.

खोदाईच्या दिवशी गाव आणि वस्ती एकत्र जमली. "शहिदाच्या बापानं पयली कुदळ मारावी," सूर्यभानजी म्हणाले.

देवमननं कुदळ घेतली. "आंधी नाव सांगा."

सूर्यभानजींनी दुसरीकडं पाहिलं. देवमननं कुदळ तिथंच टाकली आणि तो तरातरा चालू लागला. मागं दणका ऐकू आला. त्यानं वळून पाहिलं. कुदळ वस्तीतल्याच माणसानं उचलली होती.