पिवळ्या पिशवीचं सील

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तिला खरं पेन सापडलं.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीमागे उभी राहून ती पर्समध्ये कपाटाची किल्ली शोधत होती. आतल्या चेनच्या कप्प्यात बोटांना काहीतरी जाड, गुळगुळीत लागलं. बाहेर काढलं तर निळ्या टोपणाचं इंजेक्शनचं पेन. त्यावर लेबल होतं, मुदतीची तारीख होती आणि बारीक खाचेतून पाण्यासारखं स्वच्छ औषध दिसत होतं.

हे पेन या वेळी तिच्यापासून दीडशे किलोमीटर लांब, दिराच्या कमरेला, पिवळ्या पिशवीत असायला हवं होतं. मग पिशवीत काय आहे, हे कळायला तिला विचार करावा लागला नाही. सरावाचं पेन. त्याला सुई नाही, आत औषध नाही, नुसती स्प्रिंग.

"ताई, माझ्या गोळ्या," खिडकीपलीकडचे आजोबा म्हणाले.

तिने गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते सांगितलं, आणि खिडकी ओढून घेतली. आधी नवऱ्याला फोन लावला, मग दिराला. दोघांचेही आवाक्याबाहेर. नवऱ्याचा शेवटचा निरोप बारा वीसचा होता: "गाडीत पेट्रोल भरलं, पोटात चहा भरला. निघालो." प्रवासाचा कागद तिनेच तयार केला होता आणि त्यात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, "जंगलाच्या नाक्यानंतर फोन लागत नाही."

दीर घरांची छपरं दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी एका कौलाखाली त्याला गांधीलमाशी चावली आणि पाच मिनिटांत त्याचा गळा सुजला. शिडीखाली उभ्या असलेल्या गवंड्याने त्याला तसाच गाडीत घातला म्हणून तो वाचला. पुन्हा चावली तर पेन मांडीत टोचायचं आणि दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून हा गडी छपरावर चढला नाही. बागेतही बसेना. उन्हाळ्यातसुद्धा खिडक्या बंद. हसणं-खिदळणं तेवढं शिल्लक होतं.

जंगलात तीन दिवस राहायची कल्पना तिचीच. महिनाभर ती त्याच्या मागे लागली होती.

"भाऊजी, पेन आहे ना जवळ? मग भीती कसली?"

"भीती मला नाही हो वहिनी, माशीला आहे. तुमचा धाक आहे तिला."

पेन नुसतं जवळ असून चालत नाही, ते वापरता आलं पाहिजे, असा तिचा नियम. दर रविवारी घरात सराव व्हायचा. ती घड्याळ लावायची, दीर मांडीवर पेन दाबायचा, टक् आवाज व्हायचा, मग पेन तसंच दाबून धरून सगळ्यांनी मिळून दहापर्यंत मोजायचं. सासूबाईंनाही सूट नव्हती. सराव खरा वाटावा म्हणून तिने सरावाच्या पेनावरचं 'फक्त सरावासाठी' हे लेबल खरवडून टाकलं होतं आणि ते ती खऱ्या पिशवीतूनच काढायला लावायची. तेवढ्या वेळापुरतं खरं पेन तिच्या पर्समध्ये. सराव संपला की अदलाबदल, आणि चेनच्या दोन्ही टोकांना लाल दोऱ्याची गाठ. ती गाठ म्हणजे सील. ते तिने मारायचं, गरज पडल्याशिवाय कोणी तोडायचं नाही. दुसरं जादा पेनही होतं, पण मुदत संपली म्हणून मागच्या महिन्यात तिनेच ते टाकून दिलं. नवीन यायचं होतं.

गेल्या रविवारी सराव चालू असतानाच तंबूवाल्यांचा फोन आला. कोणता तंबू हवा, लगेच सांगा. नवऱ्याला पलंग, गादी, दिवा असलेला चैनीचा तंबू हवा होता. दिराने पेन टेबलावर टाकलं आणि उसळला.

"जंगलात जाऊन पलंगावरच लोळायचं, तर आपलं घर काय वाईट आहे, दादा? खिडकी उघडी टाकू, डास येतील, झालं जंगल!"

"तू झोप जमिनीवर. माझ्या कमरेला विचारून आलोय मी."

"दोघंही गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या, "त्या माणसाला ताटकळत ठेवलंय."

तिने फोन घेतला, पाच नंबरचा पलंगवाला तंबू ठरवला. बोलता बोलता टेबलावरचं पेन पिशवीत सरकवलं, चेन ओढली आणि लाल दोऱ्याची गाठ मारली. आज सकाळी नवऱ्याने कागदावरच्या एकेका सामानापुढे खूण केली. पिशवीपुढे तिने लिहिलं होतं, "सील पाहा." त्याने सील पाहिलं. दोघं भाऊ तंबू लावून घ्यायला पुढे निघाले. ती आणि सासूबाई उद्या सकाळी निघणार होत्या.

एक सतराला नाक्यावरचा फोन लागला. पलीकडे एक बाई होती.

"पांढरी गाडी, टपावर शिडी? गेली की. एक पाचची नोंद आहे. जंगलात शिडी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे सवय आहे."

"त्यांना थांबवता येईल का? आत्ता, लगेच?"

"मी एकटीच आहे हो इथे. तंबूवाल्यांकडे वायरलेस आहे, पण बॅटरी वाचवायला चारपर्यंत बंद ठेवतात. आमचा गार्ड मोटरसायकल घेऊन गस्तीला गेलाय. दीड-पावणेदोनला येईल."

"आला की तसाच पाठवा. लिहून घ्या: पेन सरावाचं आहे, तंबूत थांबू नका, गाडीत बसून काचा लावा आणि नाक्यावर परत या."

बाईने लिहून घेतलं, वाचूनही दाखवलं. मग विचारलं, "चावलीय का कुणाला?"

"माहीत नाही."

पुढचा फोन जंगलाजवळच्या आरोग्य केंद्राला.

"रुग्ण कुठे आहे?" तिथल्या माणसाने विचारलं.

"रुग्ण अजून नाही. होऊ शकतो."

"बाई, नसलेल्या रुग्णासाठी गाडी कशी पाठवू?"

"गाडी नाक्यावर उभी करा. मी औषधविभागात काम करते, काय बोलतेय ते मला कळतं. झाल्यावर कळवलं तर तुम्हाला पोचायला वेळ उरणार नाही."

त्याने तिचा नंबर लिहून घेतला. "साहेबांना विचारतो," म्हणाला.

दीड वाजता खिडकी सहकाऱ्याच्या हवाली करून ती गाडीत बसली. पेन शेजारच्या सीटवर ठेवलं, मग उचलून कोटाच्या खिशात घातलं. शहराबाहेर पडता पडता सासूबाईंचा फोन आला.

"पोचली का गं पोरं? आणि उद्यासाठी जाड चादरी घेऊ की पातळ?"

तिच्या ओठांवर "पोचतील इतक्यात" आलं होतं. ते तिने गिळलं आणि सरळ सांगून टाकलं.

पलीकडे चादरींच्या कपाटाचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

"आई?"

"ऐकतेय." सासूबाई म्हणाल्या. "सकाळी पिशवी माझ्याच हातात होती. उघडून बघावंसं वाटलं होतं मला. पण तुझी गाठ होती. तुझ्या गाठीवर कोण हात घालणार?"

तिने गिअर बदलला.

"गाडी नीट चालव," सासूबाई म्हणाल्या. "फोन मोकळा ठेव."

एक बावन्नला नाक्यावरून कळलं की गार्ड आला आणि चिठ्ठी घेऊन निघाला. तंबूपर्यंत चाळीस मिनिटं. दोन दहाला आरोग्य केंद्राचा फोन आला: साहेबांनी हो म्हटलंय, गाडी निघतेय, तासाभरात नाक्यावर असेल. तिने आभार मानले आणि वेग वाढवला. समोर ट्रकमागे ट्रक होते. तिला स्वतःला पोचायला साडेचार होणार होते, कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी.

दोन एकेचाळीसला फोन वाजला. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. नाक्यावरचीच बाई होती.

"गार्ड पोचलाय. त्याने वायरलेस चालू करायला लावला, त्यावरून बोलला. तुमची गाडी तिथेच आहे. शिडी खाली उतरवलीय. तंबू उघडा आहे."

"आणि ते दोघं?"

"सरपण गोळा करायला ओढ्याकडे गेलेत म्हणे. अर्धा तास झाला. मोडकी झाडं खूप पडलीत तिकडे."

पोकळ ओंडक्यांत गांधीलमाश्या घर करतात, हे तिने कागदावर लिहिलं होतं. त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"पिवळी पिशवी तंबूत आहे का, ते विचारा."

तिला बाईचा आवाज ऐकू आला, वायरलेसची खरखर ऐकू आली, मग पुन्हा बाई.

"नाही. तंबूवाला म्हणतो, जाताना धाकट्याच्या कमरेला होती. लाकडं उचलताना अडेल, काढून ठेव, असं थोरल्याने म्हटलं, तर हा म्हणाला, राहू दे, वहिनीचं सील आहे, मला काय होतंय."

तिने खिशातल्या पेनावर हात ठेवला.

"गार्ड वायरलेस घेऊन ओढ्याकडे गेलाय," बाई म्हणाली. "हाका मारतोय, मला इथे ऐकू येतंय. अजून कुणी ओ दिलेली नाही."