देवळापुढं काढलेले बूट

पाच वर्षं तो फळा निवृत्तीच टांगत आला होता. लोणावळ्यात ज्या मैदानावरून शंभर मैलांची शर्यत सुटते आणि जिथं ती संपते, तिथंच क्लबचं ऑफिस आहे. शर्यत झाली की त्या भिंतीवर नवा फळा लागतो. शर्यत पुरी करणाऱ्यांची नावं त्यावर रंगानं लिहिलेली असतात. शिडी निवृत्तीची, हातोडा निवृत्तीचा आणि नावं दुसऱ्यांची. सहाव्या वर्षी त्याच्या मनानं घेतलं, की आता आपलं नाव त्या फळ्यावर पाहिजे. दुसरं काही नको होतं त्याला.

निवृत्ती मूळचा तिकोणा पेठेचा. गेली पंधरा वर्षं खंडाळ्याला प्रज्ञेश साहेबांचा बंगला राखत होता. साहेब पुण्याच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी दम भरला आणि साहेबांना पळायचं वेड लागलं. शनिवार-रविवारी ते डोंगरातनं पळायचे आणि वाट दाखवायला निवृत्ती पुढं असायचा, पाठीवर साहेबांचं पाणी आणि साहेबांचे खजूर घेऊन. दर चढाच्या माथ्यावर तो साहेबांची वाट बघत उभा राहायचा. ओझं घेतलेला माणूस पुढं आणि रिकामा माणूस मागं, ही गोष्ट एवढ्या वर्षांत कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. क्लबातले लोक त्याला कौतुकानं ‘प्रज्ञेशचा माणूस’ म्हणत.

यंदा मात्र क्लबला एक स्थानिक धावक हवा होता. साहेबांनी निवृत्तीला नंबर मिळवून दिला, वर आपले जुने बूटही दिले. ते अर्ध्या बोटानं मोठे होते. निवृत्तीनं दोन-दोन मोजे चढवले आणि क्लबनं दिलेली चिप, म्हणजे बोटाच्या पेराएवढी चकती, बुटाच्या नाडीत ओवून घेतली. वाटेत सहा ठिकाणी जमिनीवर काळी पट्टी अंथरलेली असते. चिप तिच्यावरून गेली की पट्टी वाजते आणि नोंद होते. सहाच्या सहा नोंदी पाहिजेत. वेळ अठ्ठावीस तास, शनिवारी दुपारी बारापासून रविवारी चारपर्यंत.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना वाटतं, शंभर मैल पायांनी पळतात. पाय पहिल्या चाळीस मैलांतच हात टेकतात. त्यापुढं सगळी मदार पोटावर. पोट रुसलं की भले भले पहिलवान रस्त्याकडेला बसून रडतात. निवृत्तीनं घड्याळ लावल्यासारखं दर अर्ध्या तासाला उकडलेला बटाटा आणि मिठाची चिमूट खाल्ली, इच्छा असो नसो. चढ सगळे चालून काढले. फोड आले त्यात सुई-दोरा ओवला आणि दोरा तसाच ठेवला. डाव्या अंगठ्याचं नख गेलं, ते त्यानं खिशात टाकलं. पहाटेकडं तर आठ वर्षांपूर्वी मेलेला त्याचा बैल मधोमध उभा दिसला. तो खरा नाही हे माहीत असूनही निवृत्ती त्याला वळसा घालूनच गेला.

उजाडता उजाडता पवनेच्या पाण्याकडेला एका कठड्यावर त्याला साहेब दिसले. सुरुवातीलाच जोर लावून ते पुढं निघून गेले होते, ते आता ओकून ओकून पांढरे पडले होते आणि छातीवरच्या नंबराच्या पिना काढत होते. म्हणाले, माझं झालं, तू जा. निवृत्ती गेला नाही. त्यानं आधी पिना परत लावल्या. मग साहेबांच्या जिभेवर मीठ ठेवलं, पाण्याचे घोट मोजून पाजले, पोटऱ्या चोळल्या आणि पाऊण तासानं त्यांना काखेत हात घालून उभं केलं. पुढचे नऊ किलोमीटर तो त्यांच्या पावलानं चालला. आपला वेळ जातोय हे त्याला दिसत होतं, पण टाकून जायचं त्याच्या जिवावर आलं.

पेठेच्या गावदेवीचं देऊळ आलं तेव्हा नऊ वाजले होते. पाचवी पट्टी तिथंच होती. दर वर्षी ती बाहेर रस्त्यावर असायची. यंदा गाड्यांचा त्रास नको म्हणून ती देवळाच्या आवारात, दीपमाळेपाशी अंथरली होती. आत जायचं, दीपमाळेला वळसा घालायचा आणि बाहेर यायचं. क्लबची माणसं भिंतीबाहेर टेबल मांडून चहा देत होती. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं.

निवृत्ती दाराशी पायरीवर बसला आणि नाड्या सोडायला लागला.

“अरे, शूज कसले काढतोस?” साहेब हसले. “पाय सुजलेत, परत घालता येणार नाहीत.”

“माझं गाव हाय, साहेब. हितं बूट घालून आत न्हाई जाता येत.”

बूट पायरीवर राहिले आणि चिपही पायरीवरच राहिली. साहेब पट्टीवरून गेले तेव्हा ती वाजली. मागनं निवृत्ती अनवाणी गेला तेव्हा ती वाजली नाही, पण त्याचं लक्ष देवीकडं होतं. आवार झाडणाऱ्या म्हाताऱ्या शालूबाईनं त्याला ओळखलं, दोघांच्याही कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं. पाहुण्याच्या पायांतल्या बुटांकडं तिनं एकदा बघितलं आणि परत झाडू उचलला. बूट परत चढवताना निवृत्तीच्या डोळ्यांतनं पाणी आलं. साहेबांना आता तरतरी आली होती. ते म्हणाले, तू हो पुढे, मी येतो.

निवृत्ती तीन वाजून दहा मिनिटांनी मैदानावरच्या कमानीतनं आत आला. वेळ संपायला पन्नास मिनिटं होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्याला खुर्ची दिली. त्याच्या मनात त्या वेळी फक्त फळा होता. आपलं नाव लिहिताना रंगारी ‘वृ’ नीट काढेल की नाही, याची त्याला काळजी लागली होती.

शर्यतीच्या प्रमुख अनिता मॅडम हातात टॅब घेऊन आल्या. पाचवी नोंद नव्हती. निवृत्तीनं सगळं सांगितलं. बूट दाराशी काढले होते, आत जाऊन आलो, हे बघा कपाळावर कुंकू. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी टेबलावरच्या लोकांना फोन लावला. ते म्हणाले, चहा घेतला त्यानं, आत गेला का ते पाहिलं नाही. शालूबाईचं नाव घेतल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, ती तुमच्या गावची, आणि कुंकवाची नोंद मला धरता येत नाही. त्या वेळी तिथं असलेल्या दुसऱ्या धावकानं सांगितलं तर मात्र नियमानं धरता येईल.

निवृत्तीचा जीव भांड्यात पडला. साहेबच होते की बरोबर. येतीलच ते आता, सांगतील.

साहेब बावीस मिनिटांनी आले. घामानं थबथबलेले होते. रुमालानं पुसून पुसून कपाळ लख्ख केलेलं. मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. निवृत्ती खुर्चीतनं बघत होता. मॅडमच्या टॅबवर पंचेचाळीसच्या वरच्या गटाची यादी होती. तिसरा निवृत्ती, चौथे प्रज्ञेश. पहिल्या तिघांना व्यासपीठावर बोलावतात. साहेबांनी यादी वाचली, पुन्हा वाचली, बाटलीतलं पाणी प्यायले.

“खरं सांगू का, मॅडम,” ते म्हणाले, “मी त्या वेळी अर्धवट शुद्धीत होतो. देऊळ आठवतं. निवृत्ती आत आला होता का, ते नक्की नाही सांगता येणार.”

एवढा ओकलेला माणूस, खरंच आठवत नसेल, असं निवृत्ती स्वतःला समजावत राहिला. बक्षीस समारंभात साहेबांचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं टाळ्यासुद्धा वाजवल्या. घरी बायकोनं, शकुबाईनं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की साहेबांना आठवत नव्हतं म्हणता, मग एकट्यानं लोणावळ्यापर्यंतची वाट कशी आठवली? तो तिच्यावर खेकसला. पंधरा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याबद्दल असं बोलायचं नाही म्हणाला. रात्री मात्र त्याला झोप लागली नाही.

महिन्यानं फळा तयार होऊन आला. टांगायला अर्थात निवृत्तीच. साहेब बंगल्यावर आले होते, तेही फळा बघायला बरोबर आले. निवृत्ती शिडीवर चढला. साहेबांचं नाव ठळक होतं, शेजारी तिसऱ्या क्रमांकाचा तारा. पहिला खिळा बसला, फळ्याचा एक कोपरा अडकला. दुसरा खिळा ठोकून झाला. साहेब खालून थोडं वर, थोडं डावीकडे असं सांगत होते. मूड चांगला होता त्यांचा.

“पुढच्या वर्षी तू नक्की करशील बघ,” ते म्हणाले. “आणि त्या म्हातारीला सांगून ठेव, मला कुंकू नको. मागच्या वेळी घामाबरोबर डोळ्यात गेलं, पार लोणावळ्यापर्यंत चुरचुरत होतं.”

निवृत्तीचा हात फळ्यावरच थांबला. शालूबाईनं साहेबांनाही कुंकू लावलं होतं, हे त्यानं मॅडमना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

“म्हंजी तुमाला समदं आठवतंय,” तो म्हणाला.

साहेबांनी फोन काढला, त्यात बघितलं, परत खिशात ठेवला. मग म्हणाले, की रिझल्ट आता बदलत नाहीत, आणि तू हे मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी नवे शूज घेऊन देतो, तुझ्या मापाचे.

निवृत्तीनं फळा सोडून दिला. तो एका खिळ्यावर तिरका लोंबायला लागला. कमरेला बंगल्याच्या किल्ल्यांचा जुडगा होता. तो त्यानं सोडला आणि दुसऱ्या खिळ्यावर अडकवला. मग शिडीवरनं उतरला, ती घडी करून खांद्यावर घेतली, हातोडा उचलला. ती दोन्ही त्याची स्वतःची होती.

“निवृत्ती, अरे, फळा!” साहेब म्हणाले.

“तुमचं नाव हाय त्याच्यावर,” निवृत्ती म्हणाला. “तुमीच टांगा.”