गायोम्बाचा धागा

कासिल्दाने तादेओकाकांच्या तळहातावर दोन धागे ठेवले.

"डोळे मिटा आणि सांगा, कुठला कशाचा?"

म्हातारा हसला. "माझी परीक्षा घेतेस होय गं? तुला दोर वळायला शिकवलं कुणी?"

त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून तर तिने केलेली फसवणूक वर्षभर तिला जास्तच सलत होती. एस्पार्तो हे दोरासाठीचं डोंगरमाथ्यावरचं गवत. मुठीमुठीने उपटायचं, महिनाभर पाण्यात कुजवायचं, मग मोगरीने कुटायचं. गायोम्बा म्हणजे ओढ्याकाठचं पिवळ्या फुलांचं, शेंगा धरणारं झुडूप. दोघांचं ना नातं ना गोतं, पण त्याच्याही काड्या भिजवून कुटल्या की वाख थेट तसाच दिसतो. गेल्या मे महिन्यात गावची जत्रा तोंडावर आली होती. डोंगर चढायचा कासिल्दाला कंटाळा आला आणि तिने काकांसाठी वळलेल्या दोरात निम्मा गायोम्बा घातला, तोही जेमतेम आठवडाभर भिजवलेला. त्याच दोराने काका विहिरीत गाळ काढायला उतरले. दोर तुटला, काकांची कंबर मोडली. जावई फेर्मिनने दोर धारदार दगडावरून सोडला म्हणून कापला गेला, असं गावाने ठरवून टाकलं. काकांनी त्याला घराबाहेर काढलं. मुलगीही नवऱ्यामागोमाग गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली.

काकांनी पहिला धागा चोळला.

"एस्पार्तो."

दुसरा चोळला, दाताखाली धरला, ओढला. तो कट्‌कन तुटला. काकांनी डोळे उघडले.

"त्या दोरातला आहे," कासिल्दा म्हणाली. "पाप माझं आहे, काका. फेर्मिनचा काही दोष नाही."

"वर्षभर मी त्याला भर चौकात काय काय बोललो, ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे. उभी राहून ऐकलंय मी."

म्हाताऱ्याने डोळे पुन्हा मिटून घेतले.

"हाही एस्पार्तोच," तो म्हणाला. "आणि तू तोंड उघडू नकोस. उद्या तुझा दोर घेईल का कुणी?"

कासिल्दाला क्षणभर हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच भयंकर लाज वाटली. तिने धागा परत मागितला, पण काकांनी मूठ घट्ट आवळली होती.

ती रिकाम्या हातानेच बाहेर पडली. गल्लीत बायका वाख कुटत बसल्या होत्या.

"काय बाई, आज उशीर?" एकीने विचारलं.

"मोगऱ्या थांबवा जरा," कासिल्दा म्हणाली. "आणि कुणीतरी फेर्मिनला बोलवा."